निम्मेबाईंची यादी

भाजीवाल्याने छत्तीस म्हटलं की बाई म्हणायच्या अठरा. अठ्ठावीस म्हटलं की चौदा. समोरच्याच्या तोंडून आकडा पुरता बाहेर पडायच्या आत त्याचा निम्मा यांच्या जिभेवर तयार. वर एक ठरलेली चाल असायची. पिशवी खाली ठेवायची, टोमॅटो उचलून उजेडात धरायचा, आजारी माणसाकडे बघावं तसं त्याच्याकडे बघायचं आणि काही न बोलता परत ठेवायचा. चार पावलं गेल्या की मागून हाक यायचीच. त्यावरून बाजाराने त्यांचं नाव निम्मेबाई ठेवलं आणि ते असं चिकटलं की पोस्टमनसुद्धा खालून तेच ओरडायचा. बाईंना राग नव्हता. लोकांना पदव्या मिळतात, तशी ही आपल्याला मिळाली, असं त्या धरून चालल्या होत्या.

अशा बाईच्या हाती भाव टिपायची वही आली, तिथंच खरं तर घोळ झाला.

वही यायची दूरच्या एका कंपनीकडून. जगातल्या दोनशे शहरांत या कंपनीची माणसं महिन्याच्या पहिल्या आठवड्यात यादी घेऊन फिरायची. यादीत दोनशे चौदा नग. दूध, अंडी, ब्रेड, बटाटे, मग पुरुषाचे केस कापणे, बुटाला टाच मारणे, दोन खोल्यांचं भाडं, शाळेची फी, डॉक्टरची तपासणी, घरी येणाऱ्या मदतनिसाचा तासाचा दर, आणि शेवटाकडे माणूस मेल्यावर त्याला पोचवायला येणारा खर्चसुद्धा. भाव टिपायचा, वही भरून पाठवायची. कंपनी त्याचा तक्ता करायची. सगळ्यात महाग शहर शंभर, बाकीची त्याच्या खाली. हा तक्ता संगणकाच्या मोठमोठ्या कंपन्या विकत घ्यायच्या आणि कुठल्या शहरात बसणाऱ्याला किती पगार द्यायचा ते त्यावरून ठरवायच्या. काम तेच, डोकं तेच, पण बूड स्वस्त शहरात टेकलं असेल तर पगारही स्वस्त.

बाईंना सुरुवातीला यातलं फारसं ठाऊक नव्हतं. मोठ्या लोकांना कशाला तरी लागतं आणि नगाप्रमाणे पैसे वेळेवर येतात, एवढं कळलं तरी पुष्कळ होतं.

वहीच्या दुसऱ्या पानावर नियम छापले होते. चांगला पगार असलेला माणूस ज्या दुकानात जाईल त्या दुकानात जा. पाटीवरचा भाव लिहा. घासाघीस करू नका.

पहिल्या महिन्यात त्या नियमाप्रमाणे गेल्या होत्या. चौकात काचेच्या दाराचं दुकान नुकतं उघडलं होतं. आत इतका गारवा की बाईंनी पदर लपेटून घेतला. टोमॅटो एकेक पुसून, चकचकीत, शाळेच्या फोटोला बसवल्यासारखे रांगेत. पाटीवरचा आकडा वाचला आणि बाईंचा हात वहीवर तसाच राहिला. इतके? याला इतके? हा भाव झाला की दरोडा? त्यांनी वही मिटली, सरळ बाजारात गेल्या, तसलेच टोमॅटो निम्म्याला घेतले आणि तो आकडा लिहिला. मनाला बरं वाटलं. खोटं लिहिण्यापासून वाचलो, असं वाटलं. वस्तूचा खरा भाव म्हणजे शहाणं माणूस ज्याला ती घेतं तो, बाकी सगळी पाटीवरची लबाडी, हे त्यांना आईच्या दुधाबरोबर मिळालेलं ज्ञान होतं. छापील नियमाने ते थोडंच पुसलं जाणार?

मग तसंच चालू राहिलं. घरभाडं लिहायचं तर खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूचं लिहायच्या, जो पंधरा वर्षांपूर्वीच्या करारावर चिकटून बसला होता. डॉक्टर म्हणजे कोपऱ्यावरचे म्हातारे डॉक्टर, ज्यांनी फी वाढवायचं कधीच सोडून दिलं होतं. शाळा म्हणजे नगरपालिकेची, मुलगा शिकला ती. दर महिन्याला आकडा तोच, फार तर एखाद्या पैशाने हललेला.

वरच्या ऑफिसातून एक पर्यवेक्षक बाई फोन करायची. आवाजाने तरुण, बोलायला गोड. "काकू, तुमच्यासारखे स्थिर आकडे कुणाचेच नाहीत हो. बाकीच्या शहरांत नुसते उड्या मारतात." खरं तर प्रत्येक शहराला दोन माणसं हवीत, दोघांच्या वह्या ताडून बघायच्या, असा कंपनीचा नियम होता. इथला दुसरा माणूस चौथ्या वर्षीच सोडून गेला. "काकू, दुसरी वहीपण तुम्हीच भराल का? एकदोन आकडे इकडेतिकडे करा म्हणजे झालं." बाईंनी निळी वही भरायची आणि मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तीच हिरव्या वहीत उतरवायची. दहा वर्षं झाली तेव्हा कंपनीने भिंतीवरचं घड्याळ पाठवलं. ते पलंगासमोर लावलं, नवऱ्याला दिसेल असं.

नवऱ्याला दुसरं काही बघायला नव्हतंच. जन्मभर त्याने लोकांच्या लिफ्टी दुरुस्त केल्या आणि राहिला बिनलिफ्टच्या तिसऱ्या मजल्यावर. हा विनोद तो स्वतःच सांगायचा, सांगता येत होतं तोवर. मग एका सकाळी दात घासताना उजवी बाजू गेली. बोलण्यातले दोनच शब्द शिल्लक राहिले, एक 'हं' आणि एक 'गाढवा'. डॉक्टर गाढवा, बायको गाढवा, उशीसुद्धा गाढवा. माणूस दांडगा, हाडापेराने मोठा. त्याला कुशीवर वळवायचं, न्हाणीघरापर्यंत न्यायचं, पाठीला जखम होऊ द्यायची नाही, हे एकट्या बाईचं काम नव्हतं. सकाळी दोन तास एक मदतनीस यायची. तिला बाई 'सकाळची' म्हणायच्या. चाळिशीची, मनगटं लाकडासारखी. तासाचा दर बाजारात नव्वद होता, तिने मागितले ऐंशी आणि बाईंनी पाडले चाळीस. "ताई, अहो निदान साठ तरी," ती दारात उभी राहून म्हणाली होती. बाई म्हणाल्या, "रोजचं काम आहे, खाडा नाही, वर चहा." सकाळची आली. तिला तेव्हा गरज होती. आणि नग एकशे त्रेचाळीस, घरी येणारा मदतनीस, याच्यापुढे बाईंनी चाळीस लिहिले, ते पुढे तसेच राहिले.

मुलगा नऊ वर्षांपासून दूर, थंडीच्या एका शहरात संगणकावर काम करत होता. तिथेच लग्न, तिथेच मुलगी. रविवारी फोनवर तो बापाला बघायचा, बाप त्याला बघायचा, आणि मध्ये बाई फोन धरून उभ्या. एका रविवारी तो म्हणाला, "आई, एक विचारू? आम्ही तिकडे आलो तर?"

"सुट्टीला?"

"राहायला. कंपनी हो म्हणतेय. काम हेच, घरून करायचं. फक्त पगार तिथल्या शहराप्रमाणे देणार."

"म्हणजे कमी?"

"एकतीस टक्के होईल. पण तिथला खर्चही एकतीसच आहे ना. इथे जे शंभराला, ते तिथे एकतीसला. तक्ता आहे त्यांचा, सगळं टिपलेलं. मी दोनदा बघितलं, हिशेब अगदी बसतो. उलट थोडे उरतील."

"कुठला तक्ता?"

त्याने कंपनीचं नाव सांगितलं. ते बाईंच्या निळ्या वहीच्या पुठ्ठ्यावर छापलेलं होतं, हिरव्याच्याही. बाई मटकन खुर्चीत बसल्या. "अरे, तो माझा तक्ता! माझे आकडे आहेत ते!"

मुलगा इतका हसला की फोन हलायला लागला. "म्हणजे माझा पगार तू ठरवलास होय! आई, थोडा वाढवायचास की!"

"गाढवा," पलंगावरून बाप म्हणाला, आणि त्या दिवशी तिघंही हसले.

कंपनीची एक अट होती. वर्षाच्या आत परत यायचं म्हटलं तर तिकडची जागा आणि तिकडचा पगार राखून ठेवू, वर्ष उलटलं की विषय संपला. "लागणार कशाला परत जायला," मुलगा म्हणाला. बाईंनी दुसऱ्या दिवशी सकाळचीला सांगून टाकलं, "पुढच्या महिन्यापासून नको येऊस गं. माझा मुलगा येतोय." सकाळचीने हात पुसले, पदराच्या टोकाने नाक पुसलं आणि म्हणाली, "बरं झालं, ताई. घरचं माणूस ते घरचं."

ते आले. पहिले दोन महिने बाईंना जे सुख लागलं, ते पुढे आठवायचीही भीती वाटावी असं होतं. मुलगा रोज सकाळी कामाला बसायच्या आधी बापाला उचलायचा, एका दमात, पोतं उचलावं तसा, पण हळू. आंघोळ घालायचा, दाढी करायचा. रविवारी पाठीवर घेऊन तीन जिने उतरायचा आणि खाली भिंतीपाशी उन्हात खुर्चीवर बसवायचा. दोन वर्षांनी बापाने रस्ता बघितला. सहा वर्षांची नात त्याच्या उजव्या, मेलेल्या हाताची बोटं मोजायची आणि प्रत्येक बोटाला गाढवा म्हणायची. तो हसायचा. तोंड एकाच बाजूने हसायचं, पण हसायचा.

मुलाने जवळच घर बघायला घेतलं. तीन खोल्यांत सहावा माणूस मावत नव्हता, नि सहावा म्हणजे त्याचं कामाचं टेबल. बाईंच्या वहीतल्या भाड्यात घर मिळेना. घरमालक आकडा ऐकून विचारायचे, "हे कुठल्या साली?" शेवटी वहीच्या अडीचपट भाड्यावर घर मिळालं. शाळेचं तसंच. नगरपालिकेच्या शाळेतले वरचे वर्ग बंद पडले होते. दुसरी शाळा नातीला घ्यायला तयार होती, फी मात्र वर्षाची एकदम मागत होती. नातीला दमा. तिच्या श्वासाच्या पंपाला त्या थंड शहरात जेवढे पडायचे तेवढेच इथे पडत होते, पैसासुद्धा कमी नाही. संगणकाचं तेच, विमानाच्या तिकिटाचं तेच. त्या वस्तूंना कुठं ठाऊक की आपण एकतीस टक्क्यांच्या शहरात आलोय.

बाईंनी ठरवलं, सुनेला बाजार शिकवायचा. तिला घेऊन गेल्या.

"बटाटे कसे?" सुनेने विचारलं.

भाजीवाल्याने तिच्या बुटांकडे बघितलं, मग चष्म्याकडे. "चाळीस."

"अरे मेल्या, मला काल बावीस सांगितलेस आणि मी अकराला नेले!" बाई म्हणाल्या.

"मावशी, तुमची गोष्ट वेगळी. तुम्हाला मी घाट्यात देतो."

"घाट्यात? अकरा वर्षं?"

"मग काय तर! तुम्ही गेल्यावर माझ्या शिव्या कोण खातं? माझी बायको." त्याने बटाटे तराजूत टाकले. "तुम्हाला देतो कारण तुम्ही गेल्याशिवाय दुसरं गिऱ्हाईक उभं राहत नाही. ते मग बाकीच्यांकडून काढतो. यांच्याकडून काढतो," असं म्हणून त्याने सुनेकडे बघून हात जोडले. "राग मानू नका हं, वहिनी."

सुनेने चाळीस दिले. बाईंनी तिचा हात धरायचा प्रयत्न केला, पण तिने देऊन टाकले. परतताना ती म्हणाली, "आई, मला दहाला मीटिंग असते. एका बटाट्यासाठी अर्धा तास भांडायचं तर ते बटाटे मला कामावरून काढतील." ती चांगल्या मनाने बोलली होती. तरी बाईंना ते लागलं.

पाचव्या महिन्यात मुलाने रविवारी बापाला खाली न्यायचं सोडलं, कारण रविवारी तो दुसरीकडचं किरकोळ काम करायला लागला होता. सहाव्यात त्याच्या टीममधल्या एकाने थंडीच्या शहरातून फोन केला, नवी गाडी दाखवायला. दोघांचं काम एक, दोघांच्या खुर्च्या नऊ वर्षं शेजारी. फोन ठेवल्यावर मुलगा बराच वेळ खिडकीशी उभा राहिला. बाई पाणी घेऊन गेल्या तर म्हणाला, "त्याला तिप्पट मिळतो, आई. परवा त्याची चूक मी दुरुस्त केली." मग ग्लास घेतला आणि पाणी न पिताच ठेवून दिला.

सातव्या महिन्यात सून एका दुपारी आली ती महिन्याभराच्या पावत्यांचा गठ्ठा घेऊन. "आई, तुमची वही बघू? आम्ही कुठे चुकतोय ते बघायचंय." बाईंनी मोठ्या हौसेने निळी वही काढून दिली. सून एकेका नगावर बोट ठेवत गेली. वही, पावती. वही, पावती. मुलगा मागे येऊन उभा राहिला.

"हे केस कापायचे. हा भाव कुठल्या दुकानातला?"

"तो झाडाखाली बसतो ना, त्याचा. बाबांचे तोच कापायचा."

"आणि डॉक्टर?"

"आपले म्हातारे डॉक्टर."

"ते तर आता फक्त जुनेच पेशंट बघतात. आम्हाला नाही घेतलं त्यांनी." सुनेने पान उलटलं. "ब्रेड?"

"कालचा घेतला की निम्म्यात देतात," बाई म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता त्यांची नजर वहीवरून पावतीवर गेली.

मुलाने वही हातात घेतली आणि मागे मागे उलटत दुसऱ्या पानावर आला. सावकाश वाचलं. "आई, तू हे वाचलं नव्हतंस?"

"वाचलं होतं की. पण पाटीवरचे इतके पैसे कोण देतं?"

"मी देतोय, आई."

आतून घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. मुलगा ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने वही मिटून टेबलावर अगदी सरळ ठेवली, कडेला कड लावून, आणि आत जाऊन बापाला कुशीवर वळवलं. वळवायची वेळ झाली होती.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी बाई निघाल्या त्या लढाईला निघाल्यासारख्या. काचेच्या दारातून आत गेल्या, पाटीवरचा आकडा लिहिला. दलालाकडे जाऊन आजचं भाडं विचारलं, लिहिलं. तीन शाळांच्या फिया. नव्या दवाखान्याची फी. मदतनीस, नव्वद. प्रत्येक आकडा लिहिताना हात जड व्हायचा, जणू आपल्याच खिशातून जातंय. तीन दिवस पायपीट केली, दोन्ही वह्या भरल्या आणि पाठवल्या. चौथ्या दिवशी फोन वाजला.

"काकू, काय झालं हो तिकडे? भूकंप झाला का?" पर्यवेक्षक बाई हसत होती. "अहो, अख्खं पान लाल आलंय. एका महिन्यात ऐंशी टक्के वाढ! चष्मा बदलायला झालाय बहुतेक."

"चष्मा बरा आहे. हेच खरे भाव आहेत. आधीचे चुकलेले होते."

"कुठल्या महिन्यापासून?"

"पहिल्या."

पलीकडचं हसू थांबलं. बाईंनी मग सगळं सांगितलं. बाजार, निम्मे, म्हातारे डॉक्टर, चाळीस. सांगताना त्यांना वाटत होतं की कबूल केलं की सुटलो. माणूस चुकतं, कबूल करतं, दुरुस्ती होते.

"काकू," पर्यवेक्षक बाई हळू आवाजात म्हणाली, "हे तुम्ही मला सांगितलं नाहीत. मी ऐकलं नाही. अकरा वर्षांचे तक्ते विकलेत कंपनीने. त्यावर किती हजार लोकांचे पगार ठरलेत, ठाऊक आहे? आणि दोन वह्या कुणी भरल्या हे निघालं, तर आधी माझी नोकरी जाईल, मग तुमची. माझी दोन पोरं आहेत."

किती हजार लोकांचे. बाईंनी आपल्या एकाच मुलाचा विचार केला होता. शहरात असे आणखी कितीतरी, कुणाकुणाची मुलं, आपल्या एकतीस टक्क्यांत बसवलेली.

"पण मग दुरुस्त कसं करायचं गं?"

"हळूहळू. महिन्याला तीन टक्के वाढलं तर पान हिरवं राहतं, कुणी विचारत नाही. त्याच्या वर गेलं की लाल. मी या महिन्याचे जुनेच आकडे परत घालतेय. पुढच्या महिन्यापासून तीन टक्के. दोनेक वर्षांत येईल बरोबर."

"माझ्या मुलाला चारच महिने आहेत."

"काय?"

"काही नाही," बाई म्हणाल्या.

मुलाने त्याच्या कंपनीलाही लिहून बघितलं होतं. पावत्या जोडल्या. उत्तर दोन ओळींचं आलं. तुमच्या शहराचे आकडे सगळ्यात भरवशाचे समजले जातात, दोन स्वतंत्र वह्यांवरून ताडलेले असतात. मुलाने ते वाचून दाखवलं नाही, फोन टेबलावर ठेवून गेला, आणि बाईंनी वाचलं. आईच्या हातून काय झालं ते त्याने कंपनीला कळवलं असतं तर कदाचित काही हललं असतं. त्याने नाही कळवलं. बाईंनीही कळव म्हटलं नाही. हे दोघांनाही माहीत होतं, आणि त्यानंतर जेवताना ते एकमेकांच्या ताटाकडे बघून बोलायला लागले.

एक दिवस तो म्हणाला, "मी काय म्हणतो, बाबांसाठी तिकडून पैसे पाठवीन. पूर्ण दिवसाची बाई ठेव."

"पैसे नकोत."

"आई, आता तू हट्ट करू नकोस गं."

"तुझे तिकडचे खर्च शंभरातले शंभर आहेत. ते तरी आकडे खरे असतील," बाई म्हणाल्या. त्यांना चिडवायचं होतं, पण बोलून झाल्यावर त्या उठून आत गेल्या.

अकराव्या महिन्यात ते गेले. जायच्या दिवशी सकाळी मुलाने बापाला आंघोळ घातली, दाढी केली, नखंसुद्धा काढली. मग पाठीवर घेऊन तीन जिने उतरला. टॅक्सी यायला तास होता. बाप उन्हात बसला, नात त्याची बोटं मोजत बसली. टॅक्सी आली तेव्हा मुलाच्या ध्यानात आलं की बापाला परत वर न्यायला हवं. ड्रायव्हरला थांब म्हणाला आणि पुन्हा तीन जिने चढला. वर पोचेपर्यंत घामाने भिजला होता. पलंगावर ठेवताना बापाने डाव्या हाताने त्याच्या शर्टाची बाही धरली, ती सोडेना.

"बाबा, जाऊ दे ना."

"गाढवा," बाप म्हणाला. पुन्हा म्हणाला. बाईंनी एकेक बोट उलगडून बाही सोडवली. ओल्या बाहीवर मुठीचा चुरगळा तसाच राहिला होता. तसाच तो जिना उतरला.

चार दिवस बाईंनी एकटीने केलं. पाचव्या दिवशी चादर बदलताना नवरा हातातून निसटून पलंगावरून खाली आला. उचलता येईना, तेव्हा त्या त्याच्याशेजारी फरशीवर बसून राहिल्या. पोस्टमनने खालून हाक मारली तेव्हा त्याला वर बोलावलं आणि दोघांनी मिळून वर घेतलं. पाठीला लाल डाग पडला होता, नाण्याएवढा.

दुपारी त्या सकाळचीकडे गेल्या. तिची खोली गल्लीच्या टोकाला, दारात कपडे वाळत घातलेले. ती आता परदेशी पगार असलेल्या एका घरी म्हाताऱ्या बाईला सांभाळत होती.

"ये ना गं परत," बाई म्हणाल्या.

सकाळची उंबऱ्यात बसली आणि पायाच्या बोटाशी चाळा करत राहिली. "दुपारचे दोन तास मोकळे आहेत माझे. पण ताई, आता मला तिकडे पंचाण्णव मिळतात."

सकाळची वाट बघत होती. तिने पाठ भिंतीला टेकवली, खांदे ताठ केले, आता आकडा येणार आणि त्याला काय म्हणायचं, हे तिने बाईंना गल्लीत शिरताना पाहिलं तेव्हाच ठरवून ठेवलं असणार.

"पंचाण्णव," बाई म्हणाल्या. "उद्यापासून येशील?"

सकाळचीचे खांदे तसेच ताठ राहिले. मग ती उठून जवळ आली. "ताई, दादांना काही झालं का?"

"नाही. पाठीला थोडं लागलंय. तू उद्या ये."

पंचाण्णवच्या हिशेबाने दोन तास, महिनाभर. नवऱ्याच्या पेन्शनमधून औषधं सुटायची आणि वर थोडं पोटाला. वह्यांचे पैसे आले तरच सकाळचीचं भागणार होतं, दोन्ही वह्यांचे. मुलाकडून घेणार नाही म्हणून सांगितलं होतं. घ्यायचे झालेच तर कुठल्या तोंडाने?

महिन्याचा पहिला आठवडा आला. बाई बाजार फिरल्या नाहीत. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून मागच्या महिन्याच्या आकड्यांवर तीन टक्के चढवत गेल्या. ब्रेड. भाडं. शाळा. डॉक्टर. आतल्या खोलीत सकाळची कामाला लागली होती, बादली सरकल्याचा आवाज येत होता. नग एकशे त्रेचाळीस आला. घरी येणारा मदतनीस, तासाचा दर. बाईंनी पेन उचललं, दाराकडे बघितलं, आणि चाळिसाचे चार महिन्यांत झालेले पंचेचाळीस लिहिले. हिरव्या वहीत चव्वेचाळीस आणि ऐंशी पैसे.

पानांचे फोटो पाठवले, तसा थोड्या वेळाने फोनवर निरोप आला. काकू, सगळं हिरवं. आकडे नेहमीसारखे स्थिर. धन्यवाद.

"ताई, या इकडे," आतून सकाळचीने हाक मारली. "डावीकडून धरा. मी तीन म्हणते तेव्हा."

बाई वही मिटून उठल्या.